पाण्याकडं पाठ करा

परभणी जिल्ह्यात धरणं कोणती, असं विचारलं की माणूस येलदरीपासून सुरुवात करतो आणि निम्न दुधनावर थांबतो. जिंतूरचा असेल तर करपरा म्हणेल, गंगाखेडचा असेल तर मासोळी. पण पाणीसाठ्याच्या सरकारी तक्त्यात या चौघांच्या खाली आणखी एक यादी असते. पेडगाव, आंबेगाव, झरी, नखातवाडी, तांदूळवाडी, राणीसावरगाव, टाकळवाडी, कोद्री, पिंपळदरी, दगडवाडी, जोगवाडा, वडाळी, चारठाणा, केहाळ, कवडा, मांडवी, दहेगाव, पाडाळी, चिंचोली, आडगाव, भोसी, बेलखेडा. हे बावीस लघु तलाव. वर्तमानपत्रांना त्यांची आठवण होते ती एप्रिल-मे महिन्यात, ‘तलावांनी तळ गाठला’ या मथळ्यापुरती. एकट्या येलदरीचा एकूण साठा ९३४ दशलक्ष घनमीटर. हे बावीसच्या बावीस काठोकाठ भरले तरी येलदरीच्या दहाव्या हिश्शाला पोचणार नाहीत. गावोगावचे पाझर तलाव आणि गावतलाव तर या तक्त्यातही नाहीत.

माझी सगळी नोकरी या खालच्या यादीत आणि यादीबाहेरच्या तलावांवर गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो तेव्हा हिंगोली अजून परभणीतच होती. १ मे १९९९ ला वेगळी झाली, तेव्हा अर्धे ओळखीचे तलाव दुसऱ्या जिल्ह्यात गेले. आता निवृत्त आहे. लोक विचारतात, ‘साहेब, रविवारी पोरांना घेऊन कुठल्या तलावावर जावं?’ पूर्वी असं कुणी विचारत नसे. तलाव म्हणजे गहू-हरभऱ्याचं पाणी आणि जनावरांचं पाणी. आता तिथं डबे, गाड्या, स्पीकर आणि मोबाईल येतात. मला ते आवडतं, हे आधीच सांगतो. मराठवाड्यातल्या माणसानं पाण्याकडं नुसतं बघत बसावं, एवढी चैन त्याला मिळायलाच हवी. माझं म्हणणं फक्त त्यानं कुठं बसावं आणि उठताना काय बघावं, एवढ्याबद्दल आहे.

हे सगळे तलाव मातीचे आहेत. मातीचं धरण म्हणजे नाल्यात आडवा टाकलेला मातीचा ढीग, असं अनेकांना वाटतं. तसा ढीग पहिल्याच पावसाळ्यात जातो. धरणाची पाळ मधोमध उभी कापली तर आत दोन प्रकारची माती दिसेल. करंजीत सारण असतं तसा मधे काळ्या चिकणमातीचा गाभा, आणि त्याला दोन्ही अंगांनी मुरमाचं कवच. आमच्या भाषेत हार्टिंग आणि केसिंग. काळी माती पाणी अडवते, पण ती लहरी आहे. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रानातल्या भेगेत हात जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून तिला उघड्यावर ठेवत नाहीत, मुरमाच्या आत झाकून ठेवतात. मुरूम पाणी अडवत नाही, पण उतारावर धरून राहतो. गाभा जमिनीवर नुसता ठेवलेलाही नसतो. आधी खाली कठीण थर लागेपर्यंत खंदक खोदायचा, तो चिकणमातीनं भरायचा आणि तिथून गाभा वर न्यायचा. नाहीतर पाणी भिंतीला हात न लावता तिच्या खालून निघून जातं.

मातीचे थर वीतभर जाडीचे टाकायचे, पाणी मारायचं, रोलरनं दाबायचे, मग पुढचा थर. पाणी किती मारायचं हाच सगळा खेळ. कोरडी माती दबत नाही. फार ओली असली तर रोलरखाली डळमळते. या दोन्हींच्या मधे एक ओलावा असा असतो, की त्याला माती सगळ्यात घट्ट बसते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धरणांवर काम करणाऱ्या प्रॉक्टर नावाच्या अभियंत्यानं हे १९३३ मध्ये मोजून मांडलं आणि आजही जगभर त्याच्याच नावाची चाचणी घेतात. आमचे जुने मुकादम ती मुठीवर घ्यायचे. माती दाबायची, लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये.

इथं मला आमच्या मायची गोष्ट सांगावी लागते. बहात्तरच्या दुष्काळात ती आमच्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहत होती. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, त्यातली ती एक. पोटाला मिलो ज्वारी आणि सुकडी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पोचली; तिचा कायदा १९७७ चा. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव ही त्या कामांची ठरलेली यादी. मराठवाड्यातल्या कितीतरी तलावांच्या पाळी अशा बायामाणसांच्या डोक्यावरून आलेल्या आहेत. पुढं मी या खात्यात लागल्यावर एकदा मायला विचारलं, ‘थर टाकल्यावर पाणी मारायचे का गं?’ तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खजील झालो. ‘प्यायला पानी नव्हतं बाबा, मातीला कुठून पाजावं?’

दुष्काळी कामाची ही मेख आहे. पाणी साठवण्यासाठी पाळ बांधायची, आणि ती पाळ घट्ट बसायला लागणारं पाणी त्याच वर्षी नाही. माणसांचे पाय आणि धुम्मस यांनी जेवढी दाबाई झाली तेवढी झाली. त्यातले बरेच तलाव पन्नास वर्षं टिकलेत, याचं श्रेय कमी उंचीला आणि त्या माणसांच्या इमानदारीला. पण पाळ आतून कशी आहे हे वरून कळत नाही. म्हणून तिच्याकडं लक्ष ठेवायचं असतं.

लक्ष कुठं ठेवायचं? तलावावर येणारा प्रत्येक माणूस पाण्याकडं तोंड करून उभा राहतो. पाणी सुंदर असतंच. हिवाळ्यात वारकरी पक्ष्यांचा काळा थवा, टिबुकल्या, कधी हळदी-कुंकू बदकं, काठावर शेकाटे. पण पाण्याची बाजू फारसं काही सांगत नाही. तिथं लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचं अस्तर असतं, ते कुठं निसटलंय का एवढंच बघायचं. खरी खबर मागच्या, कोरड्या बाजूला मिळते. पाळीवरून मागं उतरून पायथ्याशी चालत जावं. एप्रिलमध्ये सगळं रान पिवळं असताना उतारावर मधेच एखादा हिरवागार पट्टा दिसला तर तिथून पाणी येतंय. माथ्यावर एखाद्या जागी खोलगट वाटलं तर आत माती बसतेय. माथ्यावरून लांबीच्या दिशेनं भेग गेली असेल तर एखादा उतार घसरायच्या बेतात असू शकतो.

सगळी गळती वाईट नसते. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते नीट बाहेर पडावं म्हणून पायथ्याशी वाळू-खडीची गाळणी आणि दगडांचा बांध ठेवलेला असतो. प्रश्न पाण्याच्या रंगाचा आहे. स्वच्छ झिरपा रोज तेवढाच येत असेल तर झोप लागू शकते. तोच झिरपा गढूळ झाला तर पाणी आतली माती घेऊन बाहेर पडतंय. कण कण करत आत बोगदा तयार होतो, तो पाण्याच्या दिशेनं मागं सरकत जातो, आणि एकदा का तो तलावाला मिळाला की मग तासांचा हिशोब. आमच्याकडं एका तलावावर एक चौकीदार होते. शिक्षण चौथी. ते रोज सकाळी झिरप्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून खोलीच्या खिडकीत ठेवायचे आणि संध्याकाळी तळाला गाळ बसलाय का बघायचे. आठवड्याच्या बाटल्या ओळीनं. मी पाहिलेलं धरण सुरक्षेचं सगळ्यात स्वस्त उपकरण ते. त्यांच्या मागं त्या जागेवर कुणी आलं नाही.

पाळीतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे तिच्या पोटातून जाणारा पाणी सोडायचा पाइप किंवा मोरी. माती आणि बांधकाम यांचा सांधा एकजीव होत नाही. १२ जुलै १९६१ ला पुण्याचं पानशेत फुटलं तेही अपुऱ्या अवस्थेतलं मातीचं धरण होतं, आणि दुखणं याच मोरीपाशी सुरू झालं. मागून लोंढा आल्यावर खालचं खडकवासला टिकलं नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

पानशेत मोठं होतं. लहान धरणाचं काय होतं ते २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्यात दिसलं. घरं वाहून गेली, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. गळती होते म्हणून गावकरी आधीपासून सांगत होते. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. खेकडे, उंदीर, घोरपडी, साळिंदर हे सगळे पाळीत बिळं करतात, हे आमच्या पुस्तकातच आहे. पण बीळ बुजवणं हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं काम आहे. धरण फुटल्यावर खेकड्याचं नाव घेणं म्हणजे ते काम झालं नाही, हे कबूल करणं.

आता सहलीच्या ठिकाणाकडं येतो. कोणता तलाव ते सांगत नाही, गावही सांगत नाही. तिथं गावाच्या उत्साही मंडळींनी ‘पर्यटनस्थळ’ करायचं ठरवलं. हेतू चांगला होता, पैसाही थोडा जमला होता. पाळीच्या माथ्यावर सिमेंटचे बाक बसवले. मागच्या उतारावर वड, पिंपळ, कडुनिंबाची शंभरेक रोपं लावली आणि प्रत्येकाला नावाची पाटी. गाड्या लावायला जागा हवी म्हणून जेसीबीनं मागचा पायथा खणून सपाट केला आणि तो मुरूम रस्त्याला टाकला. मी बघायला गेलो तेव्हा एक जण अभिमानानं म्हणाला, ‘सर, बघा किती मोकळं झालं!’

मोकळं झालं होतं ते धरणाला टेकू देणारं वजन. मागचा पायथा हा पाळीचा भार पेलतो आणि झिरप्याला वाट देतो. तो कापला की उतार खाली घसरायला मोकळा, आणि झिरप्याच्या तोंडावरची गाळणी गेलेली. तिथं दिवाळीनंतर ओल दिसायला लागली. नशीब, तलाव त्या वर्षी निम्माच भरला होता. पायथ्याशी वाळू, त्यावर खडी, त्यावर दगड असा भराव परत टाकून घेतला आणि गाड्या दुसरीकडं गेल्या.

झाडांवरून भांडण जास्त झालं. झाडाला विरोध करणारा माणूस आजकाल खलनायक ठरतो. पण वडा-पिंपळाची मुळं पाण्याच्या शोधात पाळीच्या पोटात जातात. झाड जिवंत आहे तोवर मूळ माती धरून ठेवतं. झाड मेलं की ते कुजतं आणि मागं नळी उरते. वादळात मोठं झाड उन्मळलं तर उतारावर गाडीभर मातीचा खड्डा. शिवाय झाडोऱ्यात ओल, भेग, बीळ काहीच दिसत नाही. पाळीवर शोभतं ते गवत, हरळी सगळ्यात चांगली. झाडं पायथ्यापासून लांब, हवी तेवढी लावा. शेवटी ती रोपं आम्ही मुळासकट काढून शाळेच्या आवारात लावली आणि पाट्याही तिकडं गेल्या, त्यामुळं कुणाचं मन फार दुखावलं नाही.

सांडव्याचं दुखणं आणखी वेगळं. मातीच्या धरणावरून पाणी कधीही जाता कामा नये. माथ्यावरून धार सुरू झाली की माती झपाट्यानं कापली जाते. म्हणून जादा पाणी बाजूच्या टणक जमिनीवरून, सांडव्यातून काढून देतात. पाळीचा माथा आणि सांडव्याची पातळी यांत काही हात उंची मोकळी सोडतात ती पुरासाठी आणि लाटांसाठी. लोकांना ती फुकट गेलेली वाटते. मग कुणीतरी सांडव्यावर वाळूची पोती रचून ‘दोन फूट पाणी जास्त’ अडवतो. सांडव्याच्या पुढचा नाला वर्षातले दहा महिने कोरडा, म्हणून कुणी त्यात सोयाबीन पेरतो, कुणी टपरी टाकतो. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी-हिंगोलीवर जो पाऊस कोसळला, तसा पाऊस एका रात्रीत या सगळ्याचा हिशोब मागतो. सांडवा हा धरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि सगळ्यात कमी फोटो त्याचेच निघतात.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटरमधल्यांना काही अटी पुऱ्या झाल्या तर. त्याखालच्या गावतलावांना तो विचारतही नाही. लहान तलावांची मालकीही विखुरलेली, काही जिल्हा परिषदेकडं, काही मृद व जलसंधारण खात्याकडं, काही जलसंपदेकडं. गळती दिसल्यावर ‘हा आमचा नाही’ हे उत्तर मी सगळ्या बाजूंनी ऐकलेलं आहे, आणि माझ्या बाजूनंही कधी कधी तेच गेलं असेल. कायदा बदलायला वेळ लागेल. पायथ्याशी फेरी मारायला अर्धा तास लागतो.

बुडण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण धरण फुटून जेवढे मरत नाहीत तेवढे तलावात पोहायला उतरून मरतात. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलं. आपल्याकडचा धोका असा धबधब्यासारखा दिसत नाही, तो शांत पाण्याखाली असतो. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांतला गाळ शेतात जातोय. काम उत्तम आहे, तलावाची साठवण वाढते आणि हलक्या रानाला काळी माती मिळते. पण पोकलेनला समतल काढायची सवय नसते. तळात मधेमधे खड्डे राहतात. पाणी भरल्यावर काठापासून काही पावलं कमरेएवढं आणि पुढच्या पावलाला डोक्यावरून. त्यात खाली चिकण गाळ, पाय रुततो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला पोरं उतरतात ती याच काठावर. ज्यांनी गाळ काढला त्यांनीच खड्ड्यांच्या जागी बांबू रोवून लाल फडकी बांधली तर दोन-चार जीव वाचतील. काठावर एक लांब दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब टांगून ठेवायला ग्रामपंचायतीला ठराव लागत नाही. पाणी सोडायच्या विहिरीजवळ मात्र चांगल्या पोहणाऱ्यानंही जाऊ नये. गेट उघडं असेल तर तिथली ओढ वरून दिसत नाही.

मग मौजेची जागा कुठली? पाळीच्या टोकांना, जिथं भराव संपून मूळ जमीन लागते, तिथला काठ. तिथं बाक बसवा, झाडं लावा, पोरांना झोके बांधा, चहाची टपरीही चालेल. पाळीवर फक्त पायवाट. नौकाविहाराचा हट्ट मात्र सोडावा असं माझं मत आहे. आपल्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी दिवसाला जवळजवळ एक सेंटीमीटर नुसतं हवेत उडतं. पाझर आणि शेतीचा उपसा वेगळा. दसऱ्याला बांधलेला धक्का होळीपर्यंत चिखलात उभा राहतो. लहान तलावाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पक्षी बघा, हुरडा भाजा, वेळा अमावस्येची भज्जी-आंबील घेऊन या. त्यानंतर तलाव भोयांचा आणि उघड्या पडलेल्या बुडितात काकडी-खरबूज लावणाऱ्यांचा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग तलाव अजून पाणी धरतो. तो एवढी शतकं टिकला, कारण दर पिढीत कुणी ना कुणी त्याची पाळ आपली मानली असणार.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी तलावावर गेलात की डबा उघडायच्या आधी मागच्या बाजूला उतरा आणि पायथ्याशी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा. पोरांनाही न्या. नवी ओल, भेग, खचलेली जागा दिसली तर फोटो काढून ग्रामपंचायतीला आणि तलाठ्याला त्याच दिवशी दाखवा. झिरपा गढूळ येत असेल किंवा पाणी माथ्याला टेकत आलं असेल तर सकाळची वाट बघू नका. आधी खालच्या वस्तीला उठवा आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा.